केक एका दिवसाचा, किराणा बारा महिन्यांचा

पंधरा ऑगस्टच्या दुपारी शहराजवळच्या कुठल्याही जरा नावाजलेल्या बालगृहात स्वयंपाकघराच्या ओट्यावर जागा उरत नाही. सकाळी झेंडावंदनाला आलेल्या मंडळाने जिलबीचे खोके ठेवलेले असतात. दहाच्या सुमारास एखाद्या बँकेच्या शाखेतली माणसं सामोसे आणि वह्या घेऊन येतात. साडेबाराला कुणाच्या तरी पाच वर्षांच्या लेकीचा वाढदिवस तिथेच साजरा व्हायचा असतो, म्हणजे केक, कागदी टोप्या आणि मोठ्या पातेल्यात पुलाव. मुलं तिसऱ्यांदा रांगेत उभी राहतात, तेच स्वागतगीत तिसऱ्यांदा म्हणतात. अधीक्षक हसतमुखाने पावत्या फाडतात. रात्रीसाठी भिजवलेल्या मटकीचं काय करायचं, हा प्रश्न स्वयंपाकीणबाईंच्या वाट्याला येतो. आणि आठवडा उलटला की किराणा दुकानदाराचा निरोप येतो, मागच्या उधारीचं काय ते बघा. ती उधारी जिलबीने फिटत नाही.

मराठी माणूस द्यायला हात आखडता घेतो, असं म्हणता येणार नाही. वारीच्या वाटेवर दिंड्यांना जेवू घालणारी गावं, गणेशोत्सवाची दारोदार जमणारी वर्गणी, आईच्या वर्षश्राद्धाला वृद्धाश्रमात दिलेलं जेवण, पूर आला की दोन दिवसांत भरून निघणारे टेम्पो, हे सगळं खरं आहे. अडचण वेगळीच आहे. हे देणं कॅलेंडरच्या लाल तारखांना चिकटून राहिलं आहे. देणाऱ्याला ज्या दिवशी द्यावंसं वाटतं, जे द्यावंसं वाटतं आणि ज्याचा फोटो चांगला येतो, तेच संस्थेच्या दारात येऊन पडतं. घेणाऱ्याची गरज मात्र रोज सकाळी सहाला उठते.

फोटोचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बालगृहातल्या मुलांना कवेत घेऊन काढलेला आणि रात्री स्टेटसवर टाकलेला फोटो त्याच रेषेवर उभा असतो. संस्थाचालकांना हे ठाऊक असतं, पण पुढच्या वर्षीच्या पुलावाकडे बघून बरेच जण गप्प बसतात. ज्या संस्था प्रवेशद्वारावरच मोबाइल बाजूला ठेवायला सांगतात, त्यांना काही देणगीदार ‘ताठ’ म्हणतात. देणगी द्यायला खरं तर तोच दरवाजा अधिक विश्वासाचा समजायला हवा.

या प्रांतात नेमाने, थोडं थोडं आणि हिशेबाने देण्याची रीत नव्हती असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा तिच्यामागे कुणी कोट्यधीश नव्हता. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत, आणि त्यांच्या भाकरीचं धान्य गावोगावच्या घरांतून मुष्टिफंडातून येई. दळणाआधी किंवा चूल पेटवण्याआधी घरातल्या बाईने एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची, ते मडकं भरलं की बोर्डिंगला पोचवायचं. जिच्या घरात देण्यासारखं फारसं काही नव्हतं, तीही यात देणारी होती. त्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला, तेव्हा बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुरूडकरांकडून मिळकतीचा अगदी लहान, पण ठरलेला अंश घ्यायचा, हीच त्यामागची कल्पना होती. पुढे देणग्यांसाठी वऱ्हाड-खानदेशापासून मुंबईपर्यंत वणवण करताना त्यांनी आण्या-पैचाही हिशेब ठेवला.

या तिन्ही योजनांची खुबी एकच होती. रक्कम लहान असली तरी ती येणार हे ठाऊक होतं. बोर्डिंगच्या व्यवस्थापकाला पुढच्या महिन्यात किती मुलं सांभाळता येतील, याचा अदमास घेता येत होता. आजच्या लहान संस्थांना नेमकं तेच जमत नाही. गणपतीत वर्तमानपत्रात नाव आलं तर त्या वर्षी गंगाजळी, नाहीतर फेब्रुवारीपासून पगार लांबणीवर. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून चालवलेला ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम या बाबतीत मोलाचा ठरला. दरवर्षी दहा संस्था निवडायच्या, त्यांचं काम वाचकांपुढे सविस्तर मांडायचं, धनादेश गोळा करून त्यांच्या हाती द्यायचे. पारखण्याचं जे काम एकट्या वाचकाला जमलं नसतं, ते वर्तमानपत्राने अंगावर घेतलं. पण एका संस्थेला अशी ओंजळ बहुधा एकदाच मिळते. त्यानंतरची वर्षं तिला त्याच वाचकांपैकी कुणी आठवणीत ठेवलं, तरच.

देणगीदाराला वस्तू आवडते, पगार आवडत नाही. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण छताला टांगलेलं असतं. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं लाल रंगात लिहिलेलं असतं, आणि तो फिरत असताना वाचता येत नाही म्हणून की काय, खाली भिंतीवर संगमरवराची पाटीही असते. पंख्याचं वीजबिल कुणाच्या स्मरणार्थ भरावं, याची पाटी कुठेच दिसत नाही. मतिमंद मुलांच्या शाळेत व्हीलचेअर देणारे पाच जण मिळतात. त्या मुलांना रोज शी-शू करवणाऱ्या मावशींच्या पगाराचं नाव काढलं की समोरचा विचारतो, ‘म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशनवर किती टक्के जातात?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक हाच उपचार असतो, आणि वस्तीतल्या आजारी म्हातारीकडे जाणारी परिचारिका हीच सेवा. त्यांचा पगार म्हणजे वरखर्च धरला, तर खाली उरते नुसती इमारत.

कंपन्यांचा पैसाही याच वळणाने जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं, आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागूही झालं. त्यातून शाळांना संगणक आले, रुग्णवाहिका आल्या, शौचालयं आली. रुग्णवाहिकेच्या चालकाचा तिसऱ्या वर्षाचा पगार मात्र ‘प्रकल्पाच्या कालावधीत’ बसत नाही. दुसरीकडे परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि एका संस्थेने परदेशातून आलेला पैसा दुसरीला देण्यावर बंदी घातली. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून आडगावच्या छोट्या संस्थेकडे झिरपणारं पाणी त्यामुळे आटलं. अशा वेळी त्या गावातून पुण्या-मुंबईला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या माणसाने आपल्या भारतातल्या खात्यातून दरमहा पाचशे रुपये आपोआप वळते होण्याची सूचना बँकेला देऊन ठेवली, तर संस्थेला ते पन्नास हजारांच्या एकदाच आलेल्या चेकइतकेच, कधी त्याहून जास्त, उपयोगी पडतात. कारण त्या पाचशेवर कुणी ‘फक्त दप्तरांसाठी’ असं लिहिलेलं नसतं.

आपत्तीच्या वेळी हा गोंधळ उघड्यावर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि देशभरातून मदतीचे ट्रक लातूर-उस्मानाबादकडे निघाले. २००१ चं कच्छ, २००४ ची त्सुनामी, प्रत्येक वेळी जुन्या कपड्यांचे ढिगारे रस्त्याकडेला भिजत पडले, कारण बटणं तुटलेले शर्ट, फाटके जीन्स आणि जरीच्या साड्या त्या माणसांच्या कामाच्या नव्हत्या. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी ‘गूंज’ सुरू केली, ती कपड्यांच्या याच प्रश्नाला हात घालून. शहरातून आलेले कपडे निवडायचे, धुवायचे, सुती कापडाचे पॅड शिवायचे. गावाने विहीर खणली, बांध घातला की मोबदला म्हणून ते सामान द्यायचं. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची ती तजवीज होती. गुप्तांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण आपल्या सोसायट्यांमधून पुराच्या वेळी निघणारी गाठोडी अजून तशीच निघतात. जुनं घर आवरणं आणि मदत करणं ही दोन कामं एका पिशवीत कोंबली, की दुसरं बिघडतं.

किल्लारीच्याच वेळी एक वेगळी गोष्टही घडली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणलं आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ती मुलं पुढे वाघोलीच्या शैक्षणिक संकुलात शिकली. बातम्यांमधून किल्लारी केव्हाच मागे पडलं होतं, तेव्हाही तिथे सकाळची घंटा वाजत होती आणि मेस चालू होती.

या सगळ्यावर एक जुना आणि दमदार आक्षेप आहे. मुळात दानच कशाला, असं विचारणारे महाराष्ट्रात कमी झाले नाहीत, आणि त्यात सगळ्यात मोठं नाव बाबा आमटे यांचं. १९४९ साली वरोऱ्याजवळ महारोगी सेवा समिती स्थापन करताना त्यांना कुष्ठरोग्यांसाठी भीक नको होती, काम हवं होतं. आनंदवनाच्या माळरानावर विहिरी खणल्या गेल्या, भाजीपाला आला, दूध आलं. अडलं ते बाजारात. कुष्ठरोग्यांच्या हातचं वरोऱ्यात कुणी विकत घेईना. पुढे परदेशांतून आलेले स्वयंसेवक तिथे राहिले, राबले, तिथलंच जेवले, तेव्हा कुठे गावाची भीती हळूहळू मोडली. म्हणजे आनंदवनाला त्या काळात जी मदत हवी होती, ती चार आण्यांची भाजी विकत घेण्याची होती. हे आजही लागू आहे. पुण्याच्या ‘कामायनी’सारख्या संस्थांच्या कार्यशाळांत बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं-माणसं वस्तू बनवतात. दिवाळीत त्यांच्या पणत्या हौसेने घेतल्या जातात, हे चांगलंच. पण एखाद्या कार्यालयाने वर्षभर लागणारी पाकिटं आणि फायली अशा कार्यशाळेतून घ्यायचं ठरवलं, तर तिथल्या माणसाला जुलैतही हाताला काम राहतं. दर्जा चांगला नसेल तर तसं सांगावं, माल परत करावा. दया म्हणून घेतलेली वाकडी पणती कारागिराला काहीच शिकवत नाही.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो: हे सरकारचं काम आहे, लोकांनी दान केलं की सरकार हात झटकतं. यात तथ्य आहे. म्हणूनच बिनपैशाची, पण सगळ्यात मोठा परतावा देणारी मदत तहसील कचेरीच्या व्हरांड्यात करता येते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. विधवा, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले अशांना तिच्यातून दरमहा रक्कम मिळते. ती २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न वर्षानुवर्षं २१,००० रुपयांच्या आत मागितलं गेलं. भागाकार केला तर महिन्याला १,७५० रुपये. चार घरची धुणीभांडी करणारी बाई एवढं सहज कमावते आणि त्या क्षणी कागदोपत्री निराधार उरत नाही. मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे, तिथून सेतू केंद्रात, तिथे सर्व्हर बंद, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर आडनावाचं एक अक्षर चुकलेलं, बँक पासबुक आधारशी जोडलेलं नाही, बोटांचे ठसे भांडी घासून घासून झिजलेले, म्हणून यंत्र उमटवून घेत नाही. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. अनुदान मंजूर झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात, आणि ते का थांबले हे तिला कुणी सांगत नाही. इथे निवृत्त कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी यांच्यासारखा मदतनीस दुसरा नाही. ज्यांनी आयुष्यभर इतरांचे अर्ज ‘त्रुटी’ लिहून परत पाठवले, त्यांना त्रुटी कशी टाळायची हे पाठ असतं.

बालगृहाच्या बाबतीतही हेच. तिथली बरीच मुलं अनाथ नसतात. वडील गेलेले, आई शेतमजूर, घरात दुसरं मिळवतं माणूस नाही, म्हणून ती तिथे आलेली असतात. अशी मुलं घरीच राहून शिकावीत यासाठी राज्यात बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास खात्याकडे जातो, बाल कल्याण समितीपुढे सुनावणी होते, कागद लागतात, महिने जातात. वस्तीतल्या एका विधवेच्या दोन मुलांचे हे कागद कुणी चिकाटीने मार्गी लावले, तर दोन मुलं आईपाशी राहतात. एका वाढदिवसाच्या पार्टीशी याची तुलना करणंही थोडं क्रूर वाटतं.

रुग्णालयांचंही तसंच आहे. महाराष्ट्रात धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या, गरीब रुग्णांसाठीच्या योजनेखाली येणाऱ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. चकचकीत काचेच्या कित्येक इमारती याच यादीत आहेत. स्वागतकक्षातली माणसं हे आपणहून सांगतीलच असं नाही. वैद्यकीय समाजसेवकाची खोली कुठे आहे हे विचारणारा, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला काखोटीला मारून रुग्णाबरोबर उभा राहणारा, दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करणारा एक माणूस लाखभर रुपयांच्या वर्गणीचं काम करतो. परळला टाटा रुग्णालयात बिहार-बंगालपासून आलेल्या कुटुंबांना औषधाइतकीच निवाऱ्याची गरज असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ती भागवत आल्या आहेत. केमोच्या दोन फेऱ्यांमधले दिवस कुठे काढायचे, याचं उत्तर मिळालं नाही तर माणसं उपचार सोडून गावी परततात.

रक्तदानाची गोष्ट थोडक्यात. नेत्याच्या वाढदिवशी एकाच शहरात डझनभर शिबिरं होतात आणि बाटल्यांचे आकडे फ्लेक्सवर लागतात. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे. मे महिन्यात महाविद्यालयं बंद, लोक गावाला, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. रक्तपेढीला आधी फोन करून ‘कधी येऊ?’ एवढं विचारणारा दाता तिथल्या तंत्रज्ञाला शिबिराच्या फ्लेक्सपेक्षा प्रिय असतो.

आता पैसे द्यायचेच, तर विचारपूस करूनच द्यावेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. न्यासाचा नोंदणी क्रमांक, शेवटचा लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांमध्ये एकाच घरातली किती माणसं आहेत, एवढं तरी बघावं. ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाणारी करसवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, वस्तुरूप देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्याला तर मिळतच नाही. तेव्हा ‘८०-जी आहे ना?’ हा पहिला प्रश्न असण्याचं कारण आता पुष्कळांपुरतं संपलं आहे. फोनवर आलेल्या, रडणाऱ्या बाळाच्या फोटोसह फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे पाठवण्याआधी निदान त्या रुग्णालयात फोन करावा. उलट, जी संस्था प्रश्न विचारल्यावर वही काढून पुढे ठेवते, तिला पुन्हा पुन्हा पुरावे मागून जेरीस आणू नये. १९८६ साली अनिल अवचटांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. देणाऱ्यांनी माणसं पारखली होती. पुढचं काम त्या माणसांवर सोपवलं.

प्रसंगाने देणाऱ्यांना सरसकट हिणवण्यातही अर्थ नाही. केक घेऊन आलेल्यांपैकी एखादा पुढच्या रविवारी एकटाच येतो, गणित शिकवू का विचारतो, आणि दहा वर्षं येत राहतो. संस्था त्यासाठीच केकला ‘नको’ म्हणत नाहीत. मात्र त्या माणसाला पहिल्याच भेटीत कुणी सांगायला हवं, की सहा रविवार येऊन सातव्यापासून गायब व्हायचं असेल तर येऊच नका. आधीच माणसं निघून गेलेल्या मुलांना आणखी एक माणूस निघून गेलेला बघावा लागतो.

आणि ज्याच्याकडे पैसा नाही, ओळखी नाहीत, नोकरीमुळे रविवारही मोकळा नाही, त्याच्यासाठी परीक्षेचे तीन-चार तास आहेत. अंध विद्यार्थ्यांना लेखनिक लागतात. पुण्यातलं ‘निवांत’ अंध मुक्त विकासालय किंवा महाविद्यालयांतले मदत कक्ष मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या शोधात असतात. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालच्या पायरीचं असावं, असा नियम बहुतेक परीक्षांना असतो, त्यामुळे अकरावी-बारावीतली मुलं या कामाला सगळ्यात जास्त हवी असतात. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. काम सोपं दिसतं आणि तसं नसतं. परीक्षार्थी चुकीचं उत्तर सांगत असला तरी ते तसंच लिहायचं, वाक्य सुधारायचं नाही, तो विचार करत थांबला तर पेन खाली ठेवून थांबायचं, आणि प्रश्न पुन्हा वाचायला सांगितला तर कंटाळा न दाखवता चौथ्यांदा वाचायचा. वेळापत्रक लागलं की नावं गोळा करायला सुरुवात होते, आणि दरवर्षी सगळ्यात जास्त गळती आदल्या रात्री येणाऱ्या ‘उद्या जमणार नाही’ या मेसेजमुळे होते.